पायाखालचा डबा

काशम्माचं लग्न झालं ते साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. फाल्गुन महिना होता. काशम्मा ही चन्नवीरची धाकटी बहीण, मंगळवेढ्याला दिली. त्या लग्नातलं जेवण कसं होतं, आहेर काय होता, हे कुणाच्या लक्षात असेल-नसेल. पण कर्ण्यातून निघालेला तो आवाज मंगळवेढ्याचे वऱ्हाडी काही विसरले नाहीत, आणि चन्नवीरलाही त्यांनी कधी विसरू दिला नाही.

चन्नवीर सोलापूरचा, पिढीजात विणकर. बाप गुरप्पा खड्डामागावर लुगडी विणायचा. घरातच जमिनीत कमरेइतका खड्डा, काठावर बसून पाय आत सोडायचे, पायाखालच्या दोन फळ्या म्हणजे पावड्या आळीपाळीनं दाबायच्या आणि हातानं धोटा फेकायचा. हे काम चन्नवीरला येत होतं, पण त्याचं मन रेडिओ उघडण्यात होतं. उघडण्यात असंच म्हणायला पाहिजे, कारण परत बंद करताना दर वेळी दोन-तीन स्क्रू उरायचे. पाच रेडिओ दुरुस्तीला आले तर तीन बोलायला लागत. चौथ्यावर फक्त धारवाड लागायचं. आणि पाचव्याच्या मालकाला तो सांगायचा, "याचं सामान मुंबईहून यायचंय." मुंबईला त्यानं कधी पत्रसुद्धा पाठवलं नव्हतं. पाठवणार कसं? शाळेचं तोंड त्यानं पाहिलं नव्हतं.

पण रेडिओच्या पोटात अक्षरं कुठं असतात? तिथं रंग असतात. शेंगदाण्याएवढ्या भागांवर तपकिरी, काळे, नारिंगी पट्टे असतात, आणि ज्याचा जन्म रंगीत सुतात गेला त्याला ते लुगड्याच्या काठासारखे दिसतात. एकदा बघितलेला काठ चन्नवीर विसरत नसे. एवढ्या भांडवलावर त्या काळात तो स्वतःला इंजिनियर समजत होता. पुढं म्हातारपणी हे सांगताना तो 'इंजिनियर' शब्दावर थांबायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला हसायला वेळ मिळावा.

तर बहिणीच्या लग्नात लाउडस्पीकर अर्थातच भावाचा. वाजवायला धर्मपाल आला होता. हा टेलिफोन खात्यात लाइनमन, दिवसभर खांबावर, आणि सुट्टीच्या दिवशी गळ्यात इलेक्ट्रिक गिटार. चार पोरांचा त्याचा ऑर्केस्ट्रा होता. एसटीच्या टपावरून येताना त्याचा अॅम्प्लिफायर आपटून मेला. धर्मपाल तोंड पाडून बसला, तेव्हा चन्नवीर म्हणाला, "त्यात काय? लावा की माझ्या कर्ण्याला."

लावला. घाईत कुठली तार कुठं गेली ते देवाला ठाऊक. धर्मपालनं पहिली तार छेडली आणि नवा तागा टराटरा फाडावा तसा आवाज मांडवभर पसरला. बैल दावणीला ताणायला लागले. नवरदेवाच्या मामाच्या हातातल्या अक्षता पायावर सांडल्या.

"अरं, कर्ण्यात रेडा घातलाय का काय?" मंगळवेढ्याचा एक वऱ्हाडी ओरडला.

"पोरीकडच्यांचं स्वागत असंच असतंय काय?" दुसरा म्हणाला.

चन्नवीर तारा उपटायला धावला, तर धर्मपालनं त्याचा हात धरला.

"अण्णा, थांबा! हात लावू नका! हाच आवाज!"

"कसला आवाज? बहिणीचं लग्न मोडतंय हितं!"

लग्न मोडलं नाही. जेवणं झाल्यावर धर्मपालनं त्याला मांडवामागं नेऊन सगळं सांगितलं. मुंबईला सिनेमाची गाणी वाजवणाऱ्यांच्या पायाखाली एक डबा असतो. पायानं दाबला की गिटार गुरगुरते, पुन्हा दाबला की शहाण्यासारखी वाजते. डबा परदेशातून येतो, आपल्यासारख्याच्या हाती लागायचा नाही.

"तुम्ही आज चुकून केलंत अण्णा. आता मुद्दाम करून द्या."

"दोन दिवसांत देतो," चन्नवीर म्हणाला.

वर्ष लागलं. चूक करणं सोपं असतं. तीच चूक ठरवून, जशीच्या तशी, पुन्हा करायची तर त्याला मोठी विद्या लागते, हे त्याला कुठं ठाऊक होतं!

घर दोन खोल्यांचं. काम करायला जागा नव्हती. त्याच सुमारास मागाचं एक लाकूड चिरलं म्हणून गुरप्पानं माग सोडून वर काढला होता. खड्डा मोकळा पडला. चन्नवीरनं त्यात उतरून पाहिलं. सूत तुटू नये म्हणून तिथली जमीन वर्षानुवर्षं पाणी मारून ओली ठेवलेली. भर वैशाखात गारवा. त्यानं ठरवलं, कारखाना इथंच.

"अप्पा, मला खड्डा द्या."

"तुलाच द्यायचाय की," गुरप्पा म्हणाला. "माझं गुडघं गेलं. लाकूड बदललं की तू बस."

"बसतो. पर माग नको, निस्ता खड्डा द्या."

गुरप्पानं बायकोच्या फोटोकडं बघितलं, मग मुलाकडं. "निस्ता खड्डा मेल्यावर देतात लोकं. तू जिताच मागायलास."

वाद चार दिवस चालला. पाचव्या दिवशी म्हाताऱ्यानं अट घातली. येत्या वर्षाची अक्षय्य तृतीया ही मुदत. "तवर खड्डा तुझा. त्या दिवसापत्तर चारचौघांत, दिवसाउजेडी, एका तरी परक्या माणसानं तुझा डबा ऐकून चांगलं म्हणलं पायजे. म्हणलं तर मी माग मोडून सरपण करतो. न्हाय म्हणलं तर माग खाली जाणार आणि तू मागावर. मग रेडिओचं नावबी काढायचं न्हाय."

"दिवसाउजेडी कशाला अप्पा?"

"रात्रीची लोकं घेतल्याली असत्यात. ती कशालाबी चांगलं म्हणत्यात."

अट मान्य झाली. माग भिंतीला टेकून उभा राहिला, आणि गुरप्पा शेजारच्या कारखान्यात कांड्या भरायला जाऊ लागला. ज्यानं चाळीस वर्षं स्वतःच्या हातानं काठ उठवले, तो दुसऱ्याच्या मागासाठी सूत गुंडाळत बसला. चन्नवीरला ते दिसत होतं. पण इंजिनियर माणसाला घरातल्या गोष्टी जरा लांबूनच दिसतात.

काम सुरू झालं. मेलेल्या रेडिओंतून त्यानं तीन पायांचे, चांदीच्या टोपीचे बारके ट्रान्झिस्टर काढले. पाय ठेवायचं बटण काही मिळेना, तेव्हा मोडीत निघालेल्या ट्रकचं दिवे खालीवर करायचं पायबटण उचकटून आणलं. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून पेटी केली. अक्षरं लिहिता येत नव्हती म्हणून मुठींच्या शेजारी ठिपके दिले. हळदीचा ठिपका म्हणजे हळू, कुंकवाचा म्हणजे जोरात. बसव्वानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, ते पाहून डब्यापुढं उदबत्तीच लावली.

"अहो, हे देवाचं हाय की वाजवायचं?"

"वाजवायचं."

"मग माझी फणी कुटं हाय?"

फणी कापून चन्नवीरनं तार छेडायच्या सात नख्या केल्या होत्या. कंपनीचा पहिला माल म्हणायचा तर तोच. दुसरा माल गळ्यात अडकवायचा पट्टा, खाटेच्या नवारीचा. तो धर्मपालच्या मानेला असा काचला की तो आठवडाभर एकाच बाजूला बघत खांबावर चढत होता.

पहिला डबा श्रावणात तयार झाला. चन्नवीरनं तो मोठ्या ऐटीत खड्ड्याच्या काठावर मांडला. धर्मपाल बघतच राहिला.

"अण्णा, याला पावड्या दोन का?"

"म्हंजे? एक दाबली की दुसरी उचलायला नको व्हय?"

सात पिढ्या विणकर. पायाखाली वस्तू करायची म्हटल्यावर दोन पावड्या आल्याच. एक खाली गेली की आवाज फाटायचा, दुसरी खाली गेली की साधा व्हायचा. माग चालवणारा बसलेला असतो आणि गिटारवाला उभा, ही एवढी गोष्ट इंजिनियरच्या डोक्यात आली नव्हती. धर्मपाल बिचारा भला माणूस. तो दोन्ही पाय डब्यावर ठेवून उभा राहिला, एक सूर वाजवला, दुसऱ्याला गिटारीसकट खड्ड्यात गेला.

"लागलं का?" चन्नवीरनं वाकून विचारलं.

"गिटारला नाही लागलं," खालून उत्तर आलं.

त्या दिवशी गुरप्पानं पाहुण्याला चहा दिला. घरच्या स्टीलच्या पेल्यात नाही, कोनाड्यातल्या कान तुटलेल्या कपात. धर्मपालनं कपाकडं पाहिलं, चन्नवीरकडं पाहिलं, आणि चहा प्यायला. चन्नवीर स्क्रू शोधत असल्यासारखा जमिनीकडं बघत राहिला. दुसऱ्या खेपेला बसव्वानं कुणाला न विचारता घरातला पेला भरून पुढं केला आणि तो कप उकिरड्यावर फेकला. नवऱ्याला ती म्हणाली, "तार जोडायला येती तुमाला, तोंड उघडायला न्हाय येत." आपल्या चुका सांगताना चन्नवीर बाकी सगळ्यांवर हसवायचा, पण ही चूक सांगताना त्याला स्वतःलाही हसू येत नसे.

एका पावडीचा डबा व्हायला माघ उजाडला. पण झाला तो झकास झाला. खड्ड्यात डबा, काठावर धर्मपाल, आणि बटण दाबलं की मंगळवेढ्याच्या वऱ्हाडींना पळवणारा तोच आवाज, पण आता लगाम घातलेला. गल्ली गोळा व्हायची. सगळे चांगलं म्हणायचे. गुरप्पासुद्धा एकदा दारात थांबून म्हणाला, "वाजतंय खरं." पण गल्ली म्हणजे परकी माणसं नव्हेत. अट शिल्लकच होती.

करकंबच्या एका दुकानदाराच्या मुलाचं लग्न अक्षय्य तृतीयेलाच निघालं आणि त्यांनी धर्मपालचा ऑर्केस्ट्रा ठरवला. मुहूर्त दुपारचा. चारचौघं, दिवसाउजेड, परकी माणसं, सगळं एका जागी. मुदतीचा शेवटचा दिवस, पण चन्नवीरला काळजी कसली? माग विकत घेणाऱ्याचा तो आदल्या आठवड्यापासून तपास करत होता. सरपण करण्यापेक्षा बरं, असा त्याचा उदार विचार.

गुरप्पा बरोबर आला. अट त्याची, निकालही त्याचाच. धुतलेला पटका बांधून तो एसटीत खिडकीशी बसला. डबा चन्नवीरच्या मांडीवर, ओल्या फडक्यात गुंडाळलेला. धूळ बसू नये म्हणून गुंडाळलेला, दुसरं काही नाही.

करकंबला मांडव मोठा होता, पण सावली नवरा-नवरीपुरती. वाजवणाऱ्यांना फळ्यांचा मंच, वर आभाळ. अकराच्या सुमारास चन्नवीरनं डबा फळीवर ठेवला. पत्रा चकाकत होता. साडेबाराला अक्षता पडल्या, कर्णा सुरू झाला आणि धर्मपालनं त्याच्याकडं बघून डोळा मिचकावला. मग पाय दाबला.

डबा कण्हला.

धर्मपालनं दुसरा सूर काढला. म्हाताऱ्याला उबळ यावी तसा आवाज आला, थुंकी पडल्यासारखा थांबला. तिसऱ्या सुराला काहीच नाही. गिटार वाजतेय, बोटं पळताहेत आणि कर्णा गप्प.

"तार तुटली का रं?" कुणीतरी विचारलं.

"न्हाय, गिटारला लाज वाटायली," दुसरा म्हणाला.

धर्मपालनं घाबरून पुन्हा बटण दाबलं. डबा बंद झाला आणि साधी, गोड गिटार मांडवभर वाजायला लागली. लोकांनी माना डोलावल्या. पुढच्या रांगेतला फेटेवाला मोठ्यानं म्हणाला, "आत्ता कसं! लई चांगलं! तो डबा तेवढा बंदच ठेवा, पाव्हणं!"

म्हणजे चारचौघांत, दिवसाउजेडी, परक्या माणसानं चांगलं म्हटलं, तेही डबा बंद असण्याला. पटक्याच्या शेवानं गुरप्पानं तोंड पुसलं, पण त्याआड लपवलेलं हसू चन्नवीरला दिसलंच.

चन्नवीरनं डबा काढला आणि मांडवामागं लिंबाखाली नेऊन उघडला. सगळ्या तारा जागच्या जागी. एका ट्रान्झिस्टरच्या टोपीवर त्यानं बोट ठेवलं आणि चटका बसून हात झटकला. तिथं निंगव्वा नावाची एक म्हातारी रांजणातून पाणी काढून पाहुण्यांना देत होती.

"काय रं, तापलेला पत्रा कशाला चिवडतोस? ठेव हितं रांजणाखालच्या वाळूत. आणि तुझं डोस्कंबी ठेव शेजारी, तेबी तापलंय."

त्यानं ठेवलं. काही कळलं होतं म्हणून नव्हे. माणसांच्या नजरेआड कुठंतरी तो डबा ठेवायचा होता म्हणून. निंगव्वानं एक तांब्या त्याच्या डोक्यावर ओतला, उरलेलं पाणी ओल्या फडक्यावर. वाळू गार होती, अगदी घरच्या खड्ड्यासारखी. आणि तिथं उकिडवं बसल्या बसल्या, कानामागून पाणी गळत असताना, चन्नवीरला उमगलं. वर्षभर त्यानं डबा सोलापुरातल्या एकाच गार जागेत बसून बनवला होता. जन्म सोलापुरात काढला आणि डबा करताना ऊन तेवढं धरलं नव्हतं.

तो धावत धर्मपालकडं गेला. पहिली पंगत बसली होती, वाजवणाऱ्यांना सुट्टी होती. "गिटार आणा. कर्णा हिकडं वळवा. आत्ता!"

"अण्णा, जेवू द्या की."

"धर्मा, माझा माग चालला खाली!"

धर्मपाल आला. डबा वाळूतच ठेवून त्यानं तारा जोडल्या, पाय दाबला. आणि लिंबावरचे कावळे उडाले. काय तो आवाज! गुरगुरत वर चढला, मांडवाच्या कनातीला थरकाप देऊन गेला. धर्मपालनं डोळे मिटून सबंध गाणं वाजवलं.

ऐकायला होते तिघं. वाढप्यांचा आरडाओरडा आणि भांड्यांचा खणखणाट यात पंगतीपर्यंत काही पोचलं नाही. एक चन्नवीर. एक निंगव्वा, तिनं दोन्ही कानांवर पदर दाबला होता.

"मावशी, कसं वाटलं?" चन्नवीरनं आशेनं विचारलं. ती परकी होती.

"रेडा बरा," निंगव्वा म्हणाली आणि तांब्या भरायला वाकली.

तिसरा गुरप्पा. तो लिंबाला टेकून उभा होता. गाणं संपल्यावर त्यानं पटका सारखा केला. मग म्हणाला, "चांगलं वाजलं. लई चांगलं."

"म्हणलात की अप्पा! चांगलं म्हणलात! दिवस हाय, उजेड हाय!"

"म्हणलं."

"मग?"

"मी परका न्हाय चन्न्या. मी बाप हाय."

परतीच्या एसटीत दोघं शेजारी बसले. पंढरपूर मागं पडलं. मग गुरप्पानं हात पुढं केले. कांड्या भरून भरून बोटांची पेरं सुजली होती, डाव्या हाताची दोन बोटं मिटतच नव्हती. "पंक्तीतल्या कुणालातरी वढून आणता आलं असतं मला," तो म्हणाला. "मनात आलं व्हतं. पर मग मागावर कोण बसलं असतं? माझं हात आता काठ धरत न्हाईत." चन्नवीरनं ते हात प्रथमच जवळून पाहिले. बसव्वा म्हणाली होती तसंच झालं, तोंड उघडेना.

पुढच्या सोमवारी माग खड्ड्यात उतरला. खालून लाकूड धरायला धर्मपाल होता. गुरप्पा काठावर बसून सांगत होता, बसव्वा पावड्यांच्या दोऱ्या बांधत होती. चन्नवीर मागावर बसला आणि पहिल्या दिवशी त्याच्या हातून तेरा वेळा सूत तुटलं. इंजिनियरकी गेली ती गेली. रेडिओचं नाव काढायचं नाही हे मात्र गुरप्पानं पाळायला लावलं नाही. सणासुदीला, मागाला सुट्टी असली की, चन्नवीर आणखी डबे करायचा. एकूण सहा झाले. प्रत्येकाबरोबर गोणपाटाचा तुकडा मोफत, भिजवून गुंडाळायला. धर्मपाल मंचावर वाजवण्याआधी डब्यावर तांब्याभर पाणी शिंपडायचा. खेड्यातले लोक समजायचे, काही पूजा आहे. एकदोघांनी हातसुद्धा जोडले. पुढं उन्हाला न भिणारे ट्रान्झिस्टर आले आणि गोणपाटाची गरज संपली, म्हणजे कंपनीत जे काही स्वतःचं होतं तेही संपलं.

अडीच वर्षांत चन्नवीरचा हात बसला. गुरप्पाएवढा नाही, पण काठ सरळ येऊ लागला. म्हातारा बाजल्यावरून बघायचा, चुकलं की खोकायचा. शेवटी शेवटी तो उठेनासा झाला, तेव्हा एके दुपारी त्यानं मुलाला जवळ बोलावलं.

"आता खड्डा तुझा. माग काढायचा तर काढ. माझी ना न्हाय."

चन्नवीरनं मागाकडं बघितलं. "राहू दे अप्पा. लुगडं निम्मं झालंय."

"ते झाल्यावर?"

"त्याच्यावर दुसरं लावतो."

गुरप्पानं मान हलवली आणि कूस बदलली. लुगडं पुरं व्हायच्या आतच, एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत, संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी, सिद्धेश्वराची जत्रा चालू असताना गुरप्पा वारला. तो त्र्याहत्तर वर्षांचा होता.